चार फोटो, शून्य टोमॅटो

सुट्टीवरून परत आलं की ऑफिसमध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘काय काय बघितलं?’ आणि दुसरा, ‘आमच्यासाठी काय आणलं?’ या वेळी पहिल्या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर दिलं. ‘मंडई.’

शेजारच्या क्युबिकलमधून मान वर आली. ‘म्हणजे? एवढा व्हिसा-बिसा काढून सिसिलीला गेलीस आणि मंडई बघून आलीस? समुद्र नव्हता का तिथे?’

होता ना. चारही बाजूंनी होता. निळाशार, स्वच्छ, अगदी कॅलेंडरवर असतो तसा. पण खरं सांगू? दहा दिवसांपैकी सहा सकाळी मी भाजीवाल्यांच्या आणि मासेवाल्यांच्या आरडाओरड्यात घालवल्या. नवरोबा सुरुवातीला वैतागला, मग सरावला आणि शेवटी शेवटी माझ्याआधी पिशवी घेऊन दारात उभा राहायला लागला. आणि त्या सहा सकाळींत असं काहीतरी झालं, की परत आल्यावर मला माझ्याच शहरात थोडं अपराधी वाटायला लागलं. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

सिसिली म्हणजे भूमध्य समुद्रातलं सगळ्यांत मोठं बेट. इटलीचा बूट नकाशावर ज्या दगडाला लाथ मारतोय असं दिसतं ना, तो दगड. आपल्याला ते माहीत असतं ‘गॉडफादर’मुळे. आम्ही निवडलं त्यामागे मात्र माफिया वगैरे काही थ्रिल नव्हतं. नवरोबाला बीच हवा होता, मला काहीतरी हटके हवं होतं, आणि दोघांच्या बजेटला रोम-व्हेनिस झेपत नव्हतं. शिवाय रोज दोन वेळा बाहेर जेवायचं म्हणजे प्रत्येक घासाला युरोचा रुपयांशी गुणाकार करत बसायचं. म्हणून पालेर्मोमध्ये छोटंसं स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. स्वयंपाकघर आलं की भाजी आली. भाजी आली की बाजार आला. हा आमचा साधा-सरळ फंडा.

नारंगी कुठून आली?

पालेर्मोमधला सगळ्यांत जुना आणि गजबजलेला बाजार म्हणजे बालारो. सकाळी साडेआठला आम्ही तिथे पोचलो तर आधी बाजार दिसलाच नाही, ऐकू आला. विक्रेते ओरडत होते, पण नुसते ओरडत नव्हते. सूर लावून, हेल काढून, एकाची ओळ संपायच्या आत दुसरा उचलतोय अशा थाटात. याला तिथल्या भाषेत ‘अब्बान्न्याता’ म्हणतात. अर्थ नाही कळला तरी मतलब लगेच कळतो. आपल्याकडे ‘कोथिंबीर धाला दोन जुड्याऽऽ’ ऐकून मोठे झालेल्या माणसाला तो कळायला डिक्शनरी लागत नाही.

अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी मांडण्या, वर रंगीत कापडी छतं आणि त्या छताखाली भर दिवसा पेटलेले पिवळे दिवे. त्या उजेडात टोमॅटो जरा जास्तच लाल दिसतात. वांगी बाळाच्या डोक्याएवढी, गोल आणि फिकट जांभळी. ऑलिव्हचे दहा-बारा प्रकार. केपर्स मिठात मुरवलेले. सुकवलेल्या टोमॅटोच्या लगद्याचे काळपट लाल ढीग. हा लगदा उन्हाळ्यात लाकडी फळ्यांवर पसरून कडक उन्हात वाळवतात. बघितल्या बघितल्या मला आजीची गच्ची आठवली. वाळवण ते वाळवणच हो, मग ते पापडाचं असो नाहीतर टोमॅटोचं!

आता थोडा इतिहास, बोअर न करता. इ. स. ८३१ मध्ये अरबांनी पालेर्मो घेतलं आणि १०७२ मध्ये नॉर्मन येईपर्यंत ते त्यांच्याकडे होतं. दहाव्या शतकात इब्न हौकल नावाचा प्रवासी इथे आला होता, त्यानं इथल्या बाजारांबद्दल लिहून ठेवलंय. लिंबू, संत्रं, ऊस, वांगं या गोष्टी या बेटावर रुजल्या त्या अरबांच्या काळात. आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच गोष्टींची नावं निघाली होती आपल्याकडून. संस्कृतमधला ‘नारंग’ फारसी-अरबीमधून फिरत फिरत इटालियनमध्ये ‘अरांचा’ झाला. ‘शर्करा’ची ‘झुक्केरो’ झाली. वांग्याचं इटालियन नाव ‘मेलांझाना’, तेही मागे मागे जात संस्कृतमधल्या ‘वातिंगण’पर्यंत पोचतं. म्हणजे आपल्या गावातून बाहेर पडलेला मुलगा परदेशात स्थायिक होऊन नाव बदलतो, तसलाच प्रकार. बालारोमध्ये उभं राहून वांग्याकडे बघताना मला उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आणि मग माझी विकेट पडली

इतकं सगळं छान दिसत असताना आपण काय करतो? बरोब्बर. मोबाइल काढतो.

मी टोमॅटोंचा फोटो काढला. मग जरा वाकून काढला. मग दिवा फ्रेममध्ये येईल असा काढला. मग नवरोबाला टोमॅटोंशेजारी उभं करून काढला. मांडणीमागे साठीतला एक विक्रेता होता. पांढऱ्या मिशा, निळा एप्रन. तो शांतपणे बघत होता. माझं झाल्यावर त्यानं उजव्या हाताची चार बोटं दाखवली, मग डाव्या हाताचं शून्य केलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्या खास सुरात म्हणाला, ‘क्वात्रो फोतो, झेरो पोमोदोरी!’

चार फोटो, शून्य टोमॅटो.

आजूबाजूचे सगळे हसले. शेजारचा मिरचीवालाही हसला. एक म्हातारी बाई तर पिशवी खाली ठेवून हसली. माझा चेहरा त्याच्या मालाशी मॅच होईल असा झाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण नुसती थट्टाही नव्हती. पगारवाढीच्या मीटिंगमध्ये बॉस हसत हसत काहीतरी बोलतो आणि घरी आल्यावर ते टोचायला लागतं, तसं ते वाक्य होतं.

मी घाईघाईनं टोमॅटो उचलायला गेले, तर त्यानं माझा हात हवेतच थांबवला. तिथे गिऱ्हाइकानं माल चिवडायचा नसतो. विक्रेता निवडून देतो. मला वाटलं, झालं, आता हा मला सगळे पिचलेले देणार. पण त्यानं विचारलं, ‘ओज्जी ओ दोमानी?’ नवरोबानं फोनवर शोधून काढलं. आज की उद्या? म्हणजे, टोमॅटो आज खाणार की उद्या? आज खायचे असतील तर पूर्ण पिकलेले, उद्यासाठी जरा कडक. मी म्हटलं, थोडे आज, थोडे उद्या. त्यानं दोन वेगळ्या कागदी पुड्या बांधल्या आणि वर तुळशीची एक काडी फुकट खोचली. आपली तुळस नव्हे, त्यांची ती बेसिल. पण ‘वरचा’ देण्याची पद्धत मात्र अगदी आपली. कढीपत्ता न मागता मिळायचा ना, तशी.

भाजी कधी खाणार, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या फोनमधलं अॅप मला खूप काही विचारतं. पत्ता विचारतं, पैसे कसे देणार विचारतं, पाच स्टार देणार का विचारतं. पण टोमॅटो आज खाणार की उद्या, हे त्यानं कधीच विचारलेलं नाही.

अगं, हा तर दुधी!

दुसऱ्या दिवशी मी फोन पिशवीच्या तळाशी टाकला आणि गेले. मिशीवाल्यानं ओळखलं. ‘झेरो फोतो?’ ‘झेरो फोतो,’ मी म्हटलं. दोस्ती झाली.

त्याच्या मांडणीवर एक अजब प्रकार होता. फिकट हिरवी, मीटरभर लांब, सडपातळ अशी फळभाजी. शेजारी त्याच वेलीच्या मऊ लव असलेल्या पानांच्या आणि कोवळ्या तंतूंच्या जुड्या. फळाला तिथे ‘कुकुत्सा’ म्हणतात आणि पानांना ‘तेनेरूमी’. ही पानं फक्त उन्हाळ्यात मिळतात. मी त्याची परवानगी घेऊन, आधी दोन जुड्या विकत घेऊन, मग आईला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात तेव्हा दुपार कलली होती. आईनं चष्मा लावला, स्क्रीन जवळ घेतली आणि दोन सेकंदांत निकाल दिला.

‘अगं, हा तर दुधी! लांबट जातीचा. आणि ती त्याची पानं. यात काय नवल?’

आई शंभर टक्के बरोबर होती. कुकुत्सा म्हणजे दुधी भोपळाच, नुसता उंच वाढलेला. सिसिलीत त्याची पानं टोमॅटो, लसूण आणि मोडलेल्या स्पॅगेटीबरोबर शिजवून पातळसर सूप करतात. ‘पास्ता कोन ई तेनेरूमी.’ भर उन्हाळ्यातही ते गरमच खातात. मिशीवाल्यानं हातवारे करून रेसिपी सांगितली, इकडून आईनं ‘त्याला विचार, हिंग घालतात का?’ असं विचारलं, आणि दोघांच्या मध्ये मी दुभाषी. बालारोच्या गल्लीत माझी आई आणि तो भाजीवाला एकमेकांना हात करत होते. सॉलिड सीन होता.

फोन ठेवता ठेवता मी सहज म्हटलं, ‘आल्यावर आपल्या मावशींकडून दुधी आणू, तुला करून घालते.’

मावशी म्हणजे मंडईजवळ बसणाऱ्या आमच्या भाजीवाल्या मावशी. माझ्या शाळेपासूनच्या. आई दर शनिवारी त्यांच्याकडे जायची, मी पिशवी धरायला. काटा थोडा गिऱ्हाइकाकडे झुकवूनच त्या माप टाकायच्या. दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी मला फुकट अर्धा डझन केळी दिली होती, शेजारच्या गाडीवरून आणून.

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘त्या आता बसत नाहीत गं. वर्ष झालं असेल. गिऱ्हाईक राहिलं नाही म्हणत होत्या. मी पण गुडघ्यांमुळे जात नाही फारशी. तुझ्या त्या अॅपवरूनच येतं ना सगळं.’

‘तुझ्या त्या’ हे दोन शब्द आईनं मुद्दाम वापरले नव्हते. पण ते बरोबर जागी बसले. आईच्या फोनमध्ये ते अॅप मीच टाकून दिलं होतं. लेकीची काळजी म्हणून. एक वर्ष मावशी तिथे नव्हत्या आणि मला पत्ता नव्हता. कारण एक वर्ष मीही तिथे नव्हते.

जिथला ओला दगड वाळला

पालेर्मोत ‘वुच्चिरिया’ नावाचा दुसरा बाजार आहे. एकेकाळी या शहराचा सगळ्यांत प्रसिद्ध बाजार. नाव आलं ते फ्रेंचमधल्या खाटीकखान्याच्या शब्दावरून, पण सिसिलियन बोलीत वुच्चिरिया म्हणजे गोंधळ, कल्ला. रेनातो गुत्तुझो या सिसिलियन चित्रकारानं १९७४ मध्ये त्याचं एक प्रचंड चित्र काढलं. ते आज पालेर्मो विद्यापीठाच्या पालाझ्झो स्तेरीमध्ये लावलेलं आहे. जरूर बघा. टांगलेलं मांस, तलवारमासा, अंडी, फळं आणि त्या ढिगांमधून वाट काढणारी माणसं. रिकामी जागाच नाही चित्रात. बघताना भाजीचा आणि माशांचा वास येतो असं वाटतं.

मासे ताजे राहावेत म्हणून सतत पाणी मारायचे, त्यामुळे वुच्चिरियाच्या फरशा कायम ओल्या असायच्या. त्यावरून तिथे म्हण पडली. एखादी गोष्ट कधीच होणार नाही असं सांगायचं असेल तर म्हणायचं, वुच्चिरियाच्या फरशा वाळतील तेव्हा होईल. आपलं ‘सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा’ तसं.

चित्र बघून आम्ही तडक तिथे गेलो. सकाळचे अकरा. फरशा कोरड्या होत्या.

चार-दोन मांडण्या, एक मासेवाला, फ्रिजवर लावायच्या मॅग्नेटची दुकानं. बाकी सगळं रात्रीसाठी झोपलेलं. रात्री इथे बार, म्युझिक, नारिंगी कॉकटेल्स आणि आमच्यासारख्या पोरापोरींची तोबा गर्दी. वाईट नाही हं, आम्हीपण एका रात्री जाऊन धम्माल केली. पण गुत्तुझोच्या चित्रातली माणसं कुठे गेली? ती एका दिवसात गेली नाहीत. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत जुन्या पालेर्मोची पडझड झाली. मग पन्नास-साठच्या दशकांत शहराबाहेर धडाधड नवे ब्लॉक उभे राहिले आणि जुन्या गल्ल्यांतली कुटुंबं तिकडे राहायला गेली. सुपरमार्केट आली. गिऱ्हाईक गेलं की भाजीवाला जातो. भाजीवाला गेला की रिकामी जागा उरते आणि तिथे टेबलं मांडली जातात. मग आपण येतो, टेबलावर बसतो आणि म्हणतो, ‘वॉव, काय ऑथेंटिक जागा आहे!’

चार फोटो, शून्य टोमॅटो. मिशीवाल्याला नेमकी कशाची भीती वाटत होती, ते मला त्या कोरड्या फरशीवर कळलं.

बालारो मग कसा टिकला?

सरळ उत्तर, तिथे अजून माणसं राहतात. आणि त्यातली बरीच बाहेरून आलेली आहेत. घाना, नायजेरिया, बांगलादेश, श्रीलंकेतले तमिळ. बालारोच्या एका टोकाला मला चक्क भेंडी, हिरव्या तिखट मिरच्या आणि आलं मिळालं. दुकानदार बांगलादेशी. हिंदी सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत त्यानं विचारलं, ‘दीदी, इंडिया में कहाँ?’ पुणे सांगितल्यावर मात्र ‘बॉम्बे के पास’ अशी त्यानंच माझी समजूत घातली.

याच भागाला लागून व्हिया माक्वेदा हा मोठा रस्ता आहे. २०१६ मध्ये इथल्या दुकानदारांच्या एका गटानं, ज्यात बहुतेक बांगलादेशी होते, खंडणी वसूल करणाऱ्या टोळीविरुद्ध पोलिसांकडे तक्रार केली आणि अटका झाल्या. हे किती मोठं आहे ते कळायला जरा मागे जावं लागतं. माफियाच्या खंडणीला तिथे ‘पित्सो’ म्हणतात. १९९१ मध्ये लिबेरो ग्रास्सी नावाच्या कपड्यांच्या उद्योजकानं पित्सो देणार नाही असं वर्तमानपत्रात खुलं पत्र लिहून जाहीर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा भर रस्त्यात खून झाला. २००४ मध्ये काही तरुणांनी एका रात्रीत शहरभर स्टिकर चिकटवले, पित्सो देणाऱ्या जनतेला स्वाभिमान नाही अशा अर्थाचे. त्यातून ‘अद्दियोपित्सो’ ही चळवळ उभी राहिली. खंडणी न देणाऱ्या दुकानांची यादी ते करतात, आणि लोकांना सांगतात, खरेदी इथे करा.

बघा ना, किती साधी आयडिया आहे. मोर्चा नाही, भाषण नाही. पैसे कुठे खर्च करायचे, एवढंच ठरवायचं. तुमच्या-आमच्या वयाच्या पोरांना सुचलेली.

खाल्लं काय, ते सांग!

सांगते, सांगते. बाजारात खायचं ते ‘पानेल्ले’. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवायचं, त्यात पार्सली घालायची, पातळ थापून वड्या पाडायच्या आणि तळायच्या. थोडक्यात, आपली पाटवडी तळून काढायची. ती तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळून देतात. वडापावच्या गावाहून आलेल्या माणसाला आणखी काय हवं? नवरोबानं एका उभ्या दोन संपवले आणि जाहीर केलं, ‘फक्त लसणाची चटणी कमी आहे.’

दुसरं म्हणजे ‘अरांचिना’, भाताचा तळलेला गोळा. अर्थ, छोटं संत्रं. पालेर्मोत ती गोल आणि स्त्रीलिंगी. तीन तास ट्रेननं गेलं की कातानियामध्ये तीच टोकदार होते, पुल्लिंगी होते आणि ‘अरांचिनो’ म्हणवून घेते. टोकदार का, तर म्हणे शहरामागच्या एत्ना ज्वालामुखीसारखी. यावरून दोन्ही शहरांत वर्षानुवर्षं भांडण आहे. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, हा वाद ज्यांनी ऐकलाय त्यांना समजेल.

कातानियाचा मासळी बाजार, ‘पेस्केरिया’, तर मस्टच. १६९३ च्या भूकंपात हे शहर उद्ध्वस्त झालं आणि पुन्हा बांधलं गेलं, त्यात एत्नाचा काळा दगड भरपूर वापरला. मुख्य चौकाच्या कोपऱ्यात संगमरवरी कारंजं आहे, त्याखालून आमेनानो नावाची नदी जमिनीखालून वाहते. कारंज्यामागच्या पायऱ्या उतरलात की थेट मासळीत. अख्खा तलवारमासा कापून त्याचं डोकं तलवारीसकट उभं ठेवलेलं, जिवंत वळवळणारे खेकडे, आणि पायांखाली पाणीच पाणी. इथली फरशी ओली होती. मला उगीचच हायसं वाटलं. आम्ही दोघं मासे खाणारे, त्यामुळे आनंदीआनंद. पण शाकाहारी असाल तरी घाबरू नका. वांग्याचा ‘पास्ता अल्ला नोर्मा’ हा कातानियाचाच.

आणि बाजारातून घामाघूम होऊन बाहेर आलात की चौकातल्या छोट्या टपरीवर ‘सेल्त्स, लिमोने ए साले’ मागा. ताजं लिंबू, मीठ आणि सोडा. होय, लिंबूसोडा! पाच हजारांहून जास्त किलोमीटर उडून जायचं आणि शेवटी समाधान कशानं, तर खाऱ्या लिंबूसोड्यानं.

माझा एक पोपटही झाला, तो लपवत नाही. ब्रोंते नावाच्या एत्नाच्या पायथ्याच्या गावातले पिस्ते फेमस आहेत. एका दुकानात पाटी दिसली, ४.५०. म्हटलं, साडेचार युरो किलो? स्वस्तच की! अर्धा किलो बांधून घेतले आणि बिल आलं साडेबावीस युरो. पाटीवर बारीक अक्षरात ‘एत्तो’ लिहिलं होतं. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. दुकानदाराची काही चूक नव्हती, माझीच घाई. ऑफिसमधल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यातले पाच-पाच पिस्ते मी टीमला वाटले. मोजून. कुणी हसलं तर हसू दे.

परत आल्यावरचा शनिवार

परत आल्यावरच्या पहिल्या शनिवारी पहाटे पाचलाच जाग आली. आईची जुनी कापडी पिशवी घेतली आणि मंडईत गेले. आता तर तिथे मेट्रोही जाते, त्यामुळे पार्किंगचं कारण सांगायची सोय उरलेली नाही. १८८६ सालची ती आठकोनी दगडी इमारत, आत उंच ओट्यांवर बसलेले विक्रेते, तीच हाळी. लहानपणी मला हा गोंगाट नकोसा व्हायचा. त्या दिवशी मी पायरीवर उभी राहून दोन मिनिटं नुसती ऐकत होते. अब्बान्न्याता, पुणे शाखा.

मावशींच्या जागी मोबाइल कव्हरची छत्री लागली होती. शेजारी पालेभाजी घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांना विचारलं. ‘त्या व्हय? गावाकडं गेल्या, लेकाकडं. आता न्हाई यायच्या,’ त्या म्हणाल्या. इतकंच. मावशींचं आडनाव मला माहीत नव्हतं, गावही नाही. पंधरा वर्षं आम्ही त्यांना ‘मावशी’ म्हणत होतो आणि विचारायचं राहूनच गेलं.

मी त्या बाईंकडून दुधी घेतला, कोथिंबीर घेतली. मग जरा बिचकत विचारलं, ‘दुधीची पानं मिळतील का? कोवळी?’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दुधीचं आधार कार्ड मागितलंय. ‘पानं? पानं काय करताय, ताई?’

मी रेसिपी सांगितली. टोमॅटो, लसूण, मोडलेली शेवई घातली तरी चालेल. त्या हसायला लागल्या, शेजारणीला सांगितलं, तीही हसली. मग म्हणाल्या, ‘आमच्या परड्यात वेल हाय. कधी पाहिजेत? आज तर न्हाईत. उद्या आणू?’

ओज्जी ओ दोमानी?

‘उद्या,’ मी म्हटलं. आणि म्हटलं म्हणजे आता जावं लागणार होतं. रविवारची झोप सोडून. अॅपवरची ऑर्डर कॅन्सल करता येते. कुणीतरी आपल्यासाठी आपल्या वेलाची पानं खुडून आणणार म्हटल्यावर ती करता येत नाही.

मी अॅप डिलीट केलं नाही, उगीच खोटं कशाला बोलू? रात्री दहाला दूध संपतंच. पण आता शनिवार-रविवारची भाजी त्यांच्याकडून. आणि त्यांचं नाव, गाव आणि मुलं काय करतात, हे मी दुसऱ्याच दिवशी विचारून ठेवलंय. सूप मस्त झालं होतं. आईनं मात्र हिंग घातलाच.

पिशवी उचलण्याआधी

● बाजार सकाळचे. साडेआठ ते बारा ही उत्तम वेळ. रविवारी आणि सोमवारी मासळीच्या भरवशावर राहू नका. कातानियाचा मासळी बाजार रविवारी बंद असतो आणि सोमवारी सगळीकडेच माल कमी, कारण रविवारी बऱ्याच बोटी निघत नाहीत.

● भाव किलोचा आहे की ‘एत्तो’चा, हे आधी बघा. मग पिस्त्यांकडे वळा.

● मालाला हात लावू नका. विक्रेत्याला सांगा, आज खाणार की उद्या.

● सुटे युरो जवळ ठेवा. टोमॅटोच्या पुडीसाठी मोठी नोट काढलीत तर अब्बान्न्यातामध्ये तुमचं नाव येईल.

● पाकीट आणि फोन पुढच्या खिशात. गर्दी ती गर्दी, मग ती पालेर्मोची असो नाहीतर दादरची.

● शाकाहारींनी ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’ पाठ करा. मांस नको, मासा नको.

● फोटो काढा, जरूर काढा. पण आधी टोमॅटो.